रूळ आहेत, तार आहे, मग खर्डीला लोकल का वाढत नाहीत?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही खर्डीचे. स्टेशन आहे, रूळ आहेत, विजेची तार आहे, कसाऱ्यापर्यंत लोकलही येते. मग डोंबिवली-ठाण्याला दोन-चार मिनिटांनी गाडी आणि आम्हाला तासाला जेमतेम एक, असं का? चार गाड्या जादा सोडायला रेल्वेचं काय जातं? आणि कसाऱ्यालाच का थांबायचं? पुढे नाशिकपर्यंत लोकल का नेत नाहीत?"

मी नोकरीतला बराचसा काळ रेल्वेच्या परिचालन विभागात, उपनगरी वेळापत्रकाच्या टेबलावर काढला. नावं बदलतात, कधी नेरळ, कधी पालघर, कधी दौंड, पण प्रश्न हाच असतो. थोडक्यात उत्तर द्यायचं तर गाडी मिळते, पाथ मिळत नाही. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, म्हणून नीट सांगतो.

पाथ म्हणजे अमुक वेळेला निघून तमुक वेळेला पोचण्यासाठी रुळांवर मोकळी मिळालेली वाट. आमच्याकडे मास्टर चार्ट असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. न थांबता जाणाऱ्या मेलची रेघ खडी चढते, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या लोकलची रेघ आडवी पसरते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मागच्या गाडीला पुढे काढायला लूप लाइन हवी, म्हणजे पुढची गाडी बाजूला उभी करायची जादा मार्गिका. लूप नसेल तर मागची गाडी लोकलच्या मागे रखडते, किंवा लोकल मुळातच सोडता येत नाही.

आता कल्याण ते कसारा घ्या. सुमारे ६७ किलोमीटर, आणि आजवर सगळा भार दोनच मार्गिकांवर: एक जाणारी, एक येणारी. यावरून लोकल जाते आणि नाशिक, भुसावळ, नागपूर, हावडा, उत्तर प्रदेश, बिहारच्या मेल-एक्स्प्रेसही जातात. मालगाड्या वेगळ्याच. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडावली, वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी असं थांबत थांबत लोकलला कसाऱ्याला पोचायला सवा तासाच्या आसपास लागतं. मेल तेच अंतर वीसेक मिनिटं कमी वेळात कापते. म्हणजे लोकल सोडली की तिच्या पाठीमागे पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुठलीही वेगवान गाडी सोडता येत नाही, नाहीतर लोकलला मध्येच लूपवर उभं करावं लागतं. एक लोकल दोन-तीन मेलच्या जागा खाते. उलटही तितकंच खरं, एका मेलसाठी तुमची लोकल आसनगावला पाच-सात मिनिटं उभी राहते आणि डब्यातले लोक आम्हाला शिव्या देतात.

यात अडचणीची भर पडते ती वेळेची. रात्रभर धावून आलेल्या लांबच्या गाड्या मुंबईत शिरतात पहाटे पाच ते नऊच्या दरम्यान. तुम्हाला कामावर जायला लोकल हवी असते ती नेमकी त्याच वेळी, त्याच अप, म्हणजे मुंबईकडे येणाऱ्या मार्गिकेवर. दुपारी दीड वाजता मी तुम्हाला गाडी बसवून देऊ शकतो. सकाळी सव्वासहाची मागाल तर मला कुणाचीतरी गाडी मागे ढकलावी लागते, आणि त्या गाडीत बिहारहून किंवा नागपूरहून निघालेले हजार-बाराशे लोक बसलेले असतात.

दुसरा हिशेब रेकचा, म्हणजे डब्यांचा जोडलेला पूर्ण संच, त्याचा. मुंबईहून कसाऱ्याला जाऊन परत यायला एका रेकचे सुमारे पाच तास जातात. त्याच पाच तासांत तोच रेक मुंबई-कल्याण जलद अशा दोन फेऱ्या करून देतो. रेल्वेच्या बाजूने विचार केला तर एका कसारा फेरीच्या बदल्यात कल्याणपर्यंतच्या दोन फेऱ्या सोडून द्याव्या लागतात, आणि त्या दोन फेऱ्यांत प्रवासी कितीतरी जास्त असतात. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डोंबिवलीच्या माणसाची एक गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. खर्डीच्या माणसाची चुकली तर त्याचा खाडा पडतो. गाडीत किती माणसं भरली एवढंच मोजून वेळापत्रक करायचं ठरवलं तर खर्डी-आसनगावच्या शहापूर तालुक्याला कधीच काही मिळणार नाही. नोकरीत असताना हे मी बैठकांत मांडलं होतं, आणि आजही माझं मत तेच आहे.

पुढचा भाग लोकांना दिसत नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो. गाडी कुठेतरी वळवावी लागते. कसाऱ्याला आलेली लोकल परत निघायची तर प्लॅटफॉर्म हवा, मोटरमनला या टोकाच्या कॅबमधून त्या टोकाच्या कॅबमध्ये जायला वेळ हवा, आणि हे चालू असताना मागून आलेल्या मेलला थांबावं लागू नये अशी रुळांची रचना हवी. कसाऱ्याला तर आणखी एक काम असतं: घाट चढणाऱ्या गाड्यांना तिथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. त्या इंजिनांना उभं राहायला जागा, लागायला वेळ, घाट चढवून परत यायला पुन्हा पाथ. त्याच यार्डात लोकल वळवायची असते. रात्रीची शेवटची लोकल आली की तो रेक उभा करायला स्टेबलिंग लाइन हवी, मोटरमन आणि गार्डला विश्रांतीसाठी रनिंग रूम हवी, पाणी-सफाईची सोय हवी. पहाटेची पहिली गाडी कसाऱ्याहून सुटते ती रात्री तिथे रेक मुक्कामाला असतो म्हणूनच. मुक्कामाला दोनच रेक ठेवता येत असतील तर पहाटे लागोपाठ दोनच गाड्या सुटतील, तिसरीला मुंबईकडून रिकामा रेक आणावा लागेल, आणि त्या रिकाम्या गाडीलाही पाथ लागतोच.

शिवाय रुळांची देखभाल. रात्री एक ते चार ही मुंबईच्या लोकलची विश्रांती, पण कसारा मार्गावर त्या वेळीही माल आणि मेल चालतात. मग रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगला काम करायला ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवलेला वेळ, कधी द्यायचा? रविवारी मेगाब्लॉक घेतला की लोक वैतागतात, तेही साहजिक आहे. दिव्याचं फाटक उपनगरी प्रवाशांना चांगलं ठाऊक आहे: रस्त्याची वाहनं सोडायला फाटक उघडलं की दोन्ही बाजूंना लोकल उभ्या. अशी फाटकं जिथे जिथे उरली आहेत तिथे उड्डाणपूल होईपर्यंत नवीन गाडीचं वेळापत्रक कागदावरच राहतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मार्गिका, मग वळवायला प्लॅटफॉर्म, मग उभं करायला जागा, मग मोटरमन-गार्ड, आणि सर्वांत शेवटी रेक. निवेदनं जातात ती बहुतेक शेवटच्या गोष्टीसाठी.

मार्गिका व्हायला किती वेळ लागतो याचं उदाहरण ठाणे-दिवा पाचवी-सहावी. जेमतेम नऊ किलोमीटरचं काम. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात २००८ साली घेतलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वाहतुकीला खुलं झालं. पण झाल्या झाल्या मध्य रेल्वेला ३६ जादा फेऱ्या सोडता आल्या. नऊ किलोमीटर रुळांनी जे दिलं ते आधीच्या चौदा वर्षांत वेळापत्रकाची कितीही ओढाताण करून मिळालं नव्हतं. गाडी मागण्याआधी रूळ मागा असं मी म्हणतो ते याच अनुभवावरून.

कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम मध्य रेल्वेने हाती घेतलेलं आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याच्या 'अ' भागात, ज्याला मार्च २०१९ मध्ये सुमारे ३३,६९० कोटींची मंजुरी मिळाली, कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका आणि कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आहे. कल्याण यार्डाची फेररचनाही व्हायची आहे, लांबच्या गाड्या आणि लोकल एकमेकींच्या वाटेत येऊ नयेत म्हणून. तुमच्या सकाळच्या गाडीचं भवितव्य या कामांत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लहान शहरांना लोकल देणं म्हणजे मुंबईच्याच लोकलची शेपटी लांबवत नेणं, असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. त्याचे परिणाम कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत रोज दिसतात. बदलापूर २००१ च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आसपास होतं, २०११ ला १ लाख ७४ हजार झालं, आणि त्यानंतर किती वाढलं ते स्टेशनाबाहेर उभं राहिलं तरी कळतं. लोकल आहे म्हणून घरं झाली, घरं झाली म्हणून गर्दी झाली, आणि मार्गिका मात्र कल्याणपुढे दोनच राहिल्या. कर्जतहून निघालेली गाडी बदलापूर-अंबरनाथला भरते आणि पुढे डोंबिवली-दिव्याच्या माणसाला दारात पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडून माणसं दगावली. त्यातली एक गाडी कसाऱ्याला निघालेली होती, दुसरी कर्जतहून येत होती. लांबच्या लोकलची गर्दी कुठवर गेली आहे हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. पाथ न वाढवता गाडीचं शेवटचं स्टेशन लांब नेलं की हीच गर्दी वाढते.

दुसरा मार्ग शटलचा. कल्याण-कसारा, विरार-डहाणू, पनवेल-कर्जत अशा जवळच्या मोठ्या स्टेशनापासून छोट्या फेऱ्या, ठरलेल्या अंतराने. कल्याण-कसारा शटलची फेरी अडीच-पावणेतीन तासांत होते, म्हणजे मुंबईपर्यंतच्या एका फेरीच्या वेळात दोन फेऱ्या. कागदावर हे छान दिसतं आणि प्रवासी संघटना त्याला कडाडून विरोध करतात. त्यांचा विरोध मला पटतो. कल्याणला उतरायचं, पूल चढायचा, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर यायचं आणि आधीच खच्चून भरलेल्या गाडीत घुसायचं, हे साठीच्या माणसाने किंवा लेकरू कडेवर असलेल्या बाईने रोज कसं करावं? शटल तेव्हाच द्यावी जेव्हा तिच्याच प्लॅटफॉर्मच्या समोरच्या बाजूला कल्याणहून सुटणारी रिकामी जलद गाडी उभी असेल आणि शटल उशिरा आली तर ती पाच मिनिटं थांबेल. हे नियमात लिहून द्यावं लागतं. कंट्रोलरच्या मर्जीवर सोडलं तर पहिल्याच आठवड्यात जलद गाडी वेळेवर सुटते आणि शटलचे लोक प्लॅटफॉर्मवर बघत राहतात.

माझं मत असं आहे: सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत थेट गाड्याच हव्यात, त्या कमी करू नयेत. दुपारी, उशिरा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी शटल द्यावी. आज दुपारी कसारा बाजूला दोन गाड्यांत कधीकधी जे भलं मोठं अंतर पडतं ते शटलने भरता येतं, कारण त्या वेळी चार्टवर जागा असते. कॉलेजची मुलं, दवाखान्यात निघालेले म्हातारे, बाजार करून परतणाऱ्या बायका याच वेळी फिरतात. त्यांची निवेदनं येत नाहीत म्हणून त्यांची गरज नाही असं समजलं जातं.

विरार-डहाणूचं वेगळेपण पाहण्यासारखं आहे. एप्रिल २०१३ मध्ये तिथे लोकल सुरू झाली. विरारपुढे ६४ किलोमीटर दोनच मार्गिका, आणि त्यावर मुंबई-अहमदाबाद-दिल्लीची सगळी वाहतूक, म्हणजे दुखणं तेच. पण तिथली प्रवासाची दिशा निराळी आहे. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे सकाळी विरार-वसईहून बोईसरकडे कामगार भरून जातात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याची सगळी कचेरी-कामं पालघरला आली. म्हणजे गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली धावते. परिचालनवाल्याच्या दृष्टीने याहून चांगली गोष्ट नाही. कसाऱ्याची गाडी सकाळी मुंबईकडे भरून येते आणि परत जाताना अर्धी रिकामी जाते. बोईसरची तशी जात नाही. वैतरणेच्या दोन पुलांच्या मध्ये वसलेल्या वाढीव गावाला तर स्टेशन गाठायलाही रेल्वेच्या पुलावरूनच चालत जावं लागत आलं आहे. तिथे गाडी रद्द झाली तर एसटीने जाऊ असं म्हणायची सोय नाही.

विरार-डहाणू चौपदरीकरण त्याच नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात आहे. त्या पूर्ण टप्प्याचा अंदाजित खर्च १०,९४७ कोटी. वाटेत खाड्या आणि खारफुटी आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खारफुटीला हात लावायचा तर सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वेळ जातो, पण तो सत्कारणी जातो असंच मी म्हणेन. पश्चिमेचा स्वतंत्र मालवाहतूक मार्ग याच पट्ट्यातून जातो. मालगाड्या तिकडे वळल्या की मोकळ्या होणाऱ्या पाथचा पहिला हक्क लोकलचा, हे पालघरच्या लोकांनी आत्तापासून लावून धरलं पाहिजे. नाहीतर त्या जागा लांबच्या गाड्यांनी भरतील आणि परत मिळणार नाहीत.

पनवेल-कर्जतचं काम मला सर्वांत योग्य वाटतं, कारण तिथे लोकलसाठी वेगळा दुहेरी मार्ग बांधायचं ठरलं. २९.६ किलोमीटर, मध्ये चिखले, मोहपे, चौक ही स्टेशनं, आणि वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा, पारसिकच्या बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. मेल-मालगाडीशी भांडण नाही. पण पनवेलहून पुढे हार्बर मार्ग आधीच भरलेला आहे, त्यामुळे कर्जतहून थेट मुंबईच्या गाड्या मोजक्याच बसतील. तिथे पनवेल-कर्जत शटल वीस-वीस मिनिटांनी आणि पनवेलला समोरासमोर बदल, एक ठाण्याकडे, एक मुंबईकडे, हे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून करावं.

याहूनही वेगळा नमुना दिल्ली-मेरठचा: ८२ किलोमीटर, पूर्ण वेगळे रूळ, ताशी १६० किलोमीटरला धावणारी गाडी, पहिला भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू. खर्च तीस हजार कोटींवर. गाडी उत्तमच आहे, पण तिकीटही त्या हिशेबाचं. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात पडतो, म्हणून खर्डीहून ठाण्याला रोज जाणं पंधरा-वीस हजार पगाराच्या माणसाला परवडतं. हे सोडून काही बांधलं तर ते वेगळ्याच लोकांसाठी होईल.

आता नाशिक. कसारा ते इगतपुरी थळ घाट, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढण्यापेक्षा उतरणं कठीण. उतरताना ब्रेकची तपासणी, ठरलेली वेगमर्यादा, गाडी सुटली तर पकडायला कॅच सायडिंग, हे सगळं घाटाचं शास्त्र वेगळं आहे. मुंबईतली नेहमीची लोकल या चढ-उतारासाठी बनलेली नाही. तिला घाटात न्यायचं तर ब्रेक वेगळे, उभं राहताना धरून ठेवणारी व्यवस्था वेगळी, असा खास रेक लागतो. समजा तो आला. तरी नाशिकरोड मुंबईहून १८७ किलोमीटर. सगळीकडे थांबत आलात तर चार तासांहून जास्त, बाकावर दाटीने बसून, आणि डब्यात स्वच्छतागृह नाही. नाशिकच्या पासधारकांना पंचवटी एक्स्प्रेससारखी गाडीच योग्य आहे, आणि तशी आणखी एखादी मागावी. इगतपुरी-घोटीच्या लोकांची गरज खरी आहे, पण त्यांना लागते ती मेमू, म्हणजे विजेवरची पॅसेंजर: स्वच्छतागृह असलेली, पायऱ्या असल्यामुळे बुटक्या प्लॅटफॉर्मवरही चढता-उतरता येणारी. लोकलला ७६० ते ८४० मिलिमीटरचा किंवा त्याहून उंच प्लॅटफॉर्म लागतो. लहान स्टेशनांत तो बहुधा नसतो, आणि नुसती उंची वाढवणं हेही प्रत्येक स्टेशनाला वेगळं काम होतं. दौंडचंही असंच आहे. पुणे-लोणावळ्याला १९७८ पासून लोकल आहे. दौंड बाजूला वीज आली तरी प्लॅटफॉर्म, गाडी वळवायची सोय आणि उपनगरी दर्जा या तिन्ही गोष्टी वीजतारेसोबत आपोआप येत नाहीत.

खर्डीकरांनी काय मागावं? कल्याण-कसारा तिसरी मार्गिका पुरी व्हायची वाट न पाहता कल्याण-आसनगावपर्यंतचा तुकडा तयार होईल तसा सुरू करा, ही पहिली मागणी. आसनगावला लोकल वळवायला स्वतंत्र प्लॅटफॉर्म, म्हणजे तिथे संपणाऱ्या गाड्या मुख्य मार्गिका अडवणार नाहीत, ही दुसरी. कसाऱ्याला रात्री मुक्कामाला आणखी एका रेकची स्टेबलिंग लाइन, ही तिसरी, पहाटेच्या जादा गाडीसाठी. दुपारची शटल आज उपलब्ध मार्गिकांवरही बसते, ती लगेच मागा.

निवेदन विभागीय प्रवासी सल्लागार समितीकडे द्या आणि सोबत आकडे जोडा: सकाळी पाच ते नऊ प्रत्येक गाडीला खर्डी, आटगाव, आसनगावला किती जण चढतात, किती जण राहून जातात, कोणती गाडी आठवड्यात किती वेळा लूपवर उभी राहते. कॉलेजची दहा मुलं दोन आठवड्यांत हे लिहून काढतील. "गाड्या वाढवा" एवढंच लिहिलेलं पत्र "पाथ उपलब्ध नाही" असा शेरा मारून परत पाठवता येतं. अमुक गाडी महिन्यातून बारा वेळा आसनगावला अडकते असं लिहिलं तर कुणाला तरी चार्ट उघडून बघावाच लागतो. आणि नाशिकच्या लोकलची मागणी वेगळ्या कागदावर द्या. दोन्ही एकत्र पाठवलं की सगळी चर्चा घाटात शिरते आणि आसनगावचा प्लॅटफॉर्म बाजूला राहतो.